ही भजी कुणी खाल्ली?

(सांगलीतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

पत्रिकेत विषय भारदस्त छापलाय : ‘सेवा विभागांच्या खर्चाचे उत्पादन विभागांवर वाटप’. म्हणजे कॅन्टीन, मेंटेनन्स यांचा खर्च माल बनवणाऱ्या विभागांवर कसा टाकायचा. तरीही तुम्ही आलात, उपकार आहेत. बाहेर भडंगाचा वास सुटलाय, तो मलाही येतोय. पाऊण तास आहे म्हणतात. बघू.

१९८३ साली मी मिरजेतल्या एका फाउंड्रीत कॉस्टिंगला, म्हणजे मालाचा खर्च काढायच्या कामाला, लागलो. पगार अकराशे, टेबलाच्या एका पायाखाली वीट. कॅन्टीनचा महिन्याचा खर्च १५,००० रुपये, आणि तो माझ्या आधीच्या गृहस्थांनी चौरस फुटांवर वाटून ठेवलेला. का? तर शेडचा घसारा चौरस फुटांवर जातो, घरपट्टी जाते, मग त्याच ओघात कॅन्टीनही गेलं. असेंब्लीची शेड ऐसपैस. चाळीस टक्के जागा तिची, माणसं मात्र नऊ.

एक दिवस असेंब्लीचे फोरमन माझा कागद घेऊन आले. टोपी काढून टेबलावर ठेवली, चष्मा लावला.

“साहेब, सहा हजाराचं आमी काय खाल्लं?”

म्हटलं, “मामा, ते वाटप आहे.”

“वाटप न्हवं, जेवान इचारतोय. नऊ माणसं. माणशी सहाशे सहासष्ट. भजी तुपात तळत्यात का तुमची?”

कागदाच्या पाठीमागं पेन्सिलीनं भागाकार करून आणला होता. बरोबर होता, हे जास्त लागलं. पुढं कळलं, हे नुसतं भज्यांचं प्रकरण नव्हतं. ते सहा हजार पंपाच्या किमतीत चढायचे आणि आमचं कोटेशन महाग पडायचं.

मॅनेजरकडं गेलो. ते म्हणाले, “ऑडिटला चालतंय ना? मग राहू दे.” हे वाक्य मी पुढं तीस वर्षं ऐकलं. आपल्या जिल्ह्यात किर्लोस्करवाडी १९१० ची. लोखंड ओतायला आपण कधीच शिकलो, खर्च ओतताना मात्र साचा न बघता ओततो! (हशा) हसू नका, इथं फाउंड्रीवाले बसलेत.

आठ महिने भांडून कॅन्टीनचा खर्च डोक्यांवर, म्हणजे माणसं मोजून, वाटायला लावला. कारखान्यात १२० माणसं, असेंब्लीला आले १,१२५ रुपये. मामांनी आंबे पाठवले. जागा कमी, माणसं रग्गड, म्हणून उरलेला बोजा बसला फाउंड्रीवर, म्हणजे ओतकामाच्या विभागावर. तिथल्या फोरमननी माझ्याशी बोलणं टाकलं, आणि माझा चहा वर्षभर बिनआल्याचा आला.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? बरं, पळतो.

खरा पेच पुढं आहे. मेंटेनन्सची माणसं कॅन्टीनमध्ये जेवतात, आणि कॅन्टीनची भट्टी मेंटेनन्स दुरुस्त करतं. मग आधी कुणाचा खर्च वाटायचा? सोपे आकडे घेऊ. मेंटेनन्स ४६,०००, कॅन्टीन १५,०००. मेंटेनन्सचं काम कॅन्टीनला १०, फाउंड्रीला ६०, मशीन शॉपला ३० टक्के. कॅन्टीनचं मेंटेनन्सला २०, बाकी दोघांना चाळीस-चाळीस.

थेट पद्धतीत सेवा विभागांची आपसातली देवघेव सोडून द्यायची. मेंटेनन्स साठाला तीस या प्रमाणात, कॅन्टीन निम्मं-निम्मं. फाउंड्रीवर येतात ३८,१६७. पायरी पद्धतीत एकाला आधी रिकामा करायचा आणि त्याच्याकडं परत काही पाठवायचं नाही. मेंटेनन्स आधी वाटलं तर फाउंड्रीवर ३७,४००, कॅन्टीन आधी वाटलं तर ३८,६६७. नुसता क्रम बदलला आणि १,२६७ रुपये हलले! म्हणून रिवाज असा, की दुसऱ्या सेवा विभागांना जो जास्त देतो तो आधी.

परस्पर पद्धतीत ही देवघेव दोन्ही बाजूंनी पुरती धरायची, म्हणून दोन समीकरणं. मेंटेनन्स म्हणजे ४६,००० अधिक कॅन्टीनचा पाचवा हिस्सा. कॅन्टीन म्हणजे १५,००० अधिक मेंटेनन्सचा दहावा. सोडवा : ५०,००० आणि २०,०००. फाउंड्रीवर ३८,०००, मशीन शॉपवर २३,०००, बेरीज ६१,०००. जुळली.

म्हणजे थेट पद्धत चुकली किती? १६७ रुपयांनी. आणि आमच्या चौरस फुटांनी एकट्या असेंब्लीवर ४,८७५ जादा चढवले होते. पद्धतीवरून भांडायला लोक सेमिनार घेतात, खर्च कशाच्या आधारावर वाटला, फुटांच्या की डोक्यांच्या, हे कुणी बघत नाही.

हो, हो, उठतो. समीकरणं फळ्यावर आहेत, फोटो घ्या. आणि आयोजक, आजच्या चहाचं बिल खुर्च्यांवर लावू नका, मागच्या चार रांगा रिकाम्या आहेत.