३९.१० म्हणजे किती?

(पहाट. आयर्विन पूल. गढूळ पाण्यातून वर आलेले खांब, त्यांवर रंगवलेले फुटांचे आकडे.)

पावसाळ्यात बाहेरगावच्या पाहुण्यांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला. "पाणी किती?" कुठलं पाणी, कुठं मोजलेलं, हे सांगलीत कुणी विचारत नाही. आयर्विन पुलाजवळचं कृष्णेचं पाणी, आणि तेही फुटांत. ४० म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. हे दोन आकडे इथल्या पोरांना पाढ्यांसारखे पाठ असतात. पाणी चाळिशीजवळ आलं की सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोडकडची माणसं सामान उचलायला लागतात.

मी याच गावात राहतो आणि डेटा ॲनालिसिसचं काम करतो. सामान मीही उचललेलं आहे. म्हणून एका पावसाळ्यात ठरवलं, गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपसाठी आपणच काहीतरी करू. पातळीचा जाहीर झालेला आकडा शीटमध्ये भरायचा. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतला छोटा प्रोग्राम तो वाचणार, मागच्या आकड्याशी ताडून बघणार आणि मेसेज करणार: चढतंय, उतरतंय की स्थिर. पन्नासेक ओळींचा कोड. एका रात्रीत झाला, आणि चाललाही.

(शीटचा रकाना. एकाखाली एक: ३९.७, ३९.८, ३९.९, ३९.१०.)

तिसऱ्या रात्री मेसेज गेला, "पाणी उतरतंय. जवळपास एक फूट कमी." ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली. दहा मिनिटांनी शेजारच्या काकूंचा फोन. "आरं, मी आत्ता पुलावरनं आले. पाणी चढायलंय की! तुझा कम्प्युटर काय बघायलाय?"

कम्प्युटर मी भरलेलंच बघत होता. ३९ फूट ९ इंच आम्ही ३९.९ असं लिहितो. इंचभर वाढलं की ३९ फूट १० इंच, म्हणजे ३९.१०. माणसाला यात काही खटकत नाही. प्रोग्रामच्या लेखी मात्र ३९.१० म्हणजे ३९.१, आणि तो ३९.९ पेक्षा लहान. इंचभर चढलेलं पाणी माझ्या कोडनं पाऊण फुटाहून जास्त उतरवून टाकलं. वर स्प्रेडशीट शेवटचं शून्य गिळतं. मग ३९ फूट १ इंच आणि ३९ फूट १० इंच एकसारखेच दिसायला लागतात, आणि नंतर कितीही हुशार कोड लिहा, कुठला आकडा कुठला ते परत कळत नाही.

या सगळ्यात प्रोग्रामनं एकही एरर दिली नाही. पडद्यावर लाल अक्षर नाही, काही अडकलं नाही. प्रोग्राम कोसळतो तेव्हा निदान ओळ क्रमांकासकट ओरडतो तरी. हा ओरडला नाही, उत्तर देऊन मोकळा झाला. मला जास्त भीती याच जातीची वाटते.

दुरुस्ती अगदी साधी निघाली. फुटांचा रकाना वेगळा, इंचांचा वेगळा. इंच ० ते ११ च्या बाहेर गेले की प्रोग्राम तिथंच थांबणार. जुन्या रकान्यात शून्य जिथं शाबूत आहे तिथं तो संख्या म्हणून न वाचता मजकूर म्हणून वाचायचा आणि टिंबाशी तोडायचा. चार ओळी. त्या आधी लिहिल्या असत्या तर काकूंना रात्री पुलावर जावं लागलं नसतं, असं म्हणणार होतो. पण त्या तशाही गेल्याच असत्या.

(लॅपटॉपचा पडदा. कोडचा एक तुकडा मोठा होत जातो.)

तो कोड आज उघडला की खरी लाज वाटते ती दुसऱ्याच तुकड्याची. ट्राय, एक्सेप्ट, पास. करून बघ, नाही जमलं तर गप बस. शीटमध्ये एका ठिकाणी 'अंदाजे ३८' असं भरलेलं होतं. प्रोग्राम त्यावर अडखळायचा. मी वैतागून हे तीन शब्द टाकले आणि झोपलो. झाकली मूठ सव्वा लाखाची! त्या रात्रीपासून 'अंदाजे ३८' तर गप झालंच, पण रिकामी शीट, तुटलेलं इंटरनेट, रकान्याचं बदललेलं नाव, सगळंच गप झालं. पायथॉनमध्ये एररचं नाव न घेता नुसतं एक्सेप्ट लिहिलं, तर प्रोग्राम बंद करायला आपण दाबलेलं कंट्रोल-सीसुद्धा तिथं अडकतं. एरर पकडायचीच असेल तर जिची अपेक्षा आहे तिचं नाव घेऊन पकडावी, आणि कुठल्या ओळीत कुठला मजकूर होता ते लिहून ठेवावं. बाकीच्या एरर वर जाऊ द्याव्यात.

पांडाज ही आमची रोजची लायब्ररी, म्हणजे तक्ते हाताळायला पायथॉनमध्ये मिळणारा तयार कोड. तिच्यात गप बसण्याचा जरा सभ्य मार्ग आहे. मजकुराची संख्या करताना 'कोअर्स' हा पर्याय दिला की जे जमत नाही तिथं नॅन बसतो. नॅन म्हणजे 'ही संख्या नाही'. हा फार विचित्र प्राणी. तो ४५ पेक्षा मोठा आहे का? नाही. लहान आहे का? नाही. स्वतःच्या बरोबरीचा तरी? तेही नाही.

आता माझा कोड बघा. पातळी ४५ पेक्षा जास्त असेल तर 'धोका', नाहीतर 'सुरक्षित'. पुरात लाइट गेली, आकडा आलाच नाही, रकान्यात नॅन बसला. नॅन ४५ पेक्षा मोठा नाही. म्हणजे? सुरक्षित! सगळ्यात वाईट रात्री, जेव्हा माहिती येणं बंद होतं, नेमका तेव्हाच हा कोड निर्धास्त व्हायला सांगणार. बेरजेचंही तसंच. कोयनेच्या विसर्गाचा दिवसभरातला एकही आकडा भरला नसेल तर पांडाज बेरीज शून्य देतं. आलेखावर ते धरणाचे दरवाजे बंद असल्यासारखं दिसतं. बेरीज करताना निदान एक तरी आकडा असलाच पाहिजे अशी अट घालता येते. ती मी आता घालतो. आणि पातळीच्या मेसेजला एक जास्तीचं उत्तर दिलंय, 'माहीत नाही'. ते तपासायचं सगळ्यात आधी.

एक गंमत सांगतो. कुणी शीटमध्ये देवनागरीत ४५ लिहिलं तर काय होईल, याची मला फार धास्ती होती. पायथॉनच्या साध्या रूपांतराला देवनागरी अंक दिले तर तो ते निमूट ४५ म्हणून वाचतो. धास्ती एकीकडं आणि खड्डा भलतीकडंच.

(२०१९ च्या महापुराच्या खुणा. भिंतीवर डोक्याच्याही वर पाण्याची रेघ.)

ऑगस्ट २०१९. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्या पुराची फाइल मी पहिल्यांदा उघडली तेव्हा आलेखात सांगलीला ८ जानेवारीला पाणी वाढलेलं होतं. ८ फेब्रुवारीला पण. ८ ऑक्टोबरला तर महापूर! आपण तारीख दिवस-महिना-वर्ष अशी लिहितो. पांडाज न सांगता महिना आधी धरतं. १ ऑगस्टचा झाला ८ जानेवारी, १० ऑगस्टचा ८ ऑक्टोबर. पहिल्या १२ दिवसांचं पाणी वर्षभर वाटलं गेलं आणि १३ तारखेपासून सगळं ठीक, कारण तेरावा महिना नसतो. जुनं पांडाज तिथं गुपचूप अर्थ बदलून पुढं जायचं. २०२३ साली आलेल्या २.० पासून ते एकदा धरलेली पद्धत सोडत नाही आणि १३/०८ शी अडून बसतं. अपग्रेड केल्यावर जुने प्रोग्राम बंद पडले म्हणून तेव्हा मी शिव्या घातल्या होत्या. त्या मागं घेतो.

मोजमापांचा घोळ वेगळाच. कोयनेचा साठा टीएमसीत, विसर्ग क्युसेकमध्ये, पुलाची पातळी फुटांत, आणि काही तक्त्यांत पातळी समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये. मी आता रकान्याच्या नावातच एकक लिहितो, 'पातळी_फूट' असं. नासाचं मंगळावर निघालेलं एक यान १९९९ मध्ये याच घोळात गेलं. एका बाजूचा आकडा पाउंडात, दुसऱ्या बाजूला वाटलं न्यूटनमध्ये. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

इंग्लंडमध्ये २०२० च्या शरदात कोविडचे १५,८४१ रुग्ण सरकारी आकड्यांतून काही दिवस गायब होते. एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये एका पानावर ६५,५३६ ओळी मावतात. त्यापुढच्या ओळी गळून गेल्या. बाधित लोकांच्या संपर्कातल्या माणसांना कळवायला तेवढा उशीर झाला. आत किती ओळी आल्या आणि बाहेर किती गेल्या, एवढं मोजलं असतं तरी पुरलं असतं. माझ्या प्रोग्राममध्ये आता प्रत्येक टप्प्याला हे मोजणं आहे. दोन तक्ते जोडताना तर नक्कीच, कारण तिथं उलटं होतं. एकाच वेळेची नोंद दोनदा भरलेली असली की ओळी वाढतात आणि विसर्ग दुप्पट होतो.

(मार्केट यार्ड. हळदीची पोती, सौद्याची गर्दी.)

हळदीच्या सौद्यात व्यापारी माल हातात घेऊन, मोडून बघतो आणि मगच बोली लावतो. एकदा माल गोदामात गेल्यावर रोज उठून पोतं उसवत नाही. कोडचंही मी तसंच ठेवलंय. फाइल आत येते त्या दारातच कडक तपासणी, आतल्या फंक्शनमध्ये पुन्हा पुन्हा नाही. नाहीतर पन्नास ओळींच्या कोडला दोनशे ओळींचा पहारा होतो आणि मूळ हिशोब त्यात सापडत नाही. या तपासण्यांसाठी मी असर्ट, म्हणजे 'हे खरं असलंच पाहिजे' असं सांगणारी पायथॉनची ओळ, वापरत नाही, कारण पायथॉन एका विशिष्ट पर्यायानं चालवला की सगळे असर्ट बंद होतात. सरळ एरर उठवतो.

पण पहाऱ्याचं एक सांगायचं राहिलं. २००५ च्या पुरात पाणी ५३ च्या वर गेलं होतं. समजा २०१८ मध्ये कुणी शहाण्यानं नियम लिहिला असता, '५५ च्या वरचा आकडा चुकीचा, टाकून दे'. तेव्हा तो अगदी रास्त वाटला असता. पुढच्याच ऑगस्टमध्ये त्या नियमानं पुराचे सगळ्यात महत्त्वाचे आकडे फेकून दिले असते आणि आलेख नेमका शिखरावर रिकामा पडला असता. म्हणून आता माझ्याकडं दोन कुंपणं आहेत. उणे पातळी किंवा ५०० फूट, म्हणजे होऊच शकत नाही असं काही आलं, की प्रोग्राम थांबतो. कधी झालं नाही पण होऊ शकतं, असा आकडा आला तर तो तसाच ठेवतो, खूण करतो आणि मला विचारतो. तासात पाणी अचानक पाच फूट उडालं तरी तेच. ते चुकीचं आहे की खरंच आलंय, हे ठरवायचं काम मी कोडकडं दिलेलं नाही.

(संध्याकाळ. फोनच्या पडद्यावर मेसेज.)

परवा पुन्हा तसंच झालं. 'ओळ २१४. इंचांच्या रकान्यात "२ का ३?" असं लिहिलंय. थांबलोय.' नोंद मीच घाईत भरली होती. ग्रुपवर मेसेज गेला नाही, आणि दोघातिघांनी लगेच विचारलं, आज काय झालं? मी गाडी काढली. पुलावर नेहमीसारखी माणसं वाकून बघत होती. त्यांत काकू होत्या.

"आलास व्हय," त्या म्हणाल्या. "तीन इंच हाय. लिही."