घोडं कुठं पेंड खातंय?

(पहाटेचा अंधार. तबेल्यात एकच दिवा. घोड्याचं अंग घासणाऱ्या खराऱ्याचा खरखर आवाज.)

पावणेसहा वाजलेत. पुण्यात या वेळी दूधवाले जागे असतात, फिरायला निघालेले आजोबा जागे असतात आणि घोडे जागे असतात. लकी मघापासून दारावर पाय आपटतोय. माझ्यासाठी नाही, तोबऱ्यासाठी.

हा लकी. वय ११, वजन साडेचारशे किलोच्या आसपास. आधी शर्यतीत धावायचा. तिथून निवृत्त झाला आणि इथे आला, माझ्यासारख्यांना पाठीवर घेऊन गोल गोल फिरायला. मी ३८ वर्षांची. मलाही गोल गोल फिरण्याचा अनुभव आहे, बँकेत नोकरी करते.

(शाळकरी वहीची पानं उलटतात.)

घोडेस्वारीच्या प्रत्येक धड्यानंतर या वहीत मी दोन रकाने भरत आले. ‘जमलं’ आणि ‘बिघडलं’. सुरुवातीच्या पानांवर ‘जमलं’चा रकाना भरून वाहतोय. पुढे पुढे ‘बिघडलं’ची बाजू गच्च होत जाते. आज ६४वा धडा आहे.

पहिल्या दिवशी उस्तादांनी विचारलं, आधी कधी बसलाय का घोड्यावर? मी म्हटलं, हो, माथेरानला! ते फक्त हसले. माथेरानला घोडेवाला पुढे चालतो आणि लगाम त्याच्या हातात असते. आपण म्हणजे घोड्याच्या पाठीवरचं सामान. दस्तुरी नाक्यापासून बाजारापर्यंत पोचवायचं सामान, एवढंच.

उस्ताद फौजेतून निवृत्त झालेले. बोलतात मराठीत, पण हुकूम हिंदीतच सुटतात. ‘एडी नीचे! नजर ऊपर!’ पहिले आठ धडे मला लगामच मिळाली नाही. लकीला लांब दोरी बांधलेली, दोरीचं दुसरं टोक उस्तादांच्या हातात, आणि मी दोन्ही हात पसरून वर. एखाद्या बुजगावण्यासारखी.

(दुडकी चालीत घोडा. कॅमेरा फक्त पायांवर.)

ही दुडकी. नीट बघा. पुढचा उजवा आणि मागचा डावा पाय एकदम पडतो, मग पुढचा डावा आणि मागचा उजवा. एक-दोन, एक-दोन. प्रत्येक ठोक्याला स्वार वर फेकला जातो. म्हणून एका ठोक्याला उठायचं, दुसऱ्याला बसायचं. त्यातही गोलावर चालताना बाहेरच्या बाजूचा पुढचा पाय पुढे जाईल तेव्हाच उठायचं. चुकलं तर एक ठोका जास्त बसून घ्यायचं, की ताल बदलतो. ऐकायला पाढ्याइतकं सोपं. करताना मांड्यांनी बोंब ठोकली. ऑफिसच्या जिन्यावर मी आठवडाभर बाजूच्या कठड्याला धरून, आडवी चालत उतरत होते.

नवव्या धड्याला जमलं. म्हणजे मी उठत नव्हते, लकी मला उठवत होता आणि मी फक्त अडवत नव्हते. वहीत त्या दिवशी तीन उद्गारचिन्हं आहेत.

तेविसाव्या धड्याला कँटर, म्हणजे दुडकीच्या पुढची वेगवान चाल. तीन ठोके आणि मग एक क्षण चारही पाय हवेत. हे वर्णन करायला मी जाणार नाही, कारण त्या दिवसापासून घरात कुणी माझं ऐकून घेत नाही. एवढंच सांगते की, मला वाटलं, आलं घोड्यावर बसायला.

(पाऊस थांबल्यावरचं मैदान. ताडपत्रीची फडफड.)

एकतिसावा धडा. जुलै महिना. शेडवरच्या ताडपत्रीचं एक टोक सुटलं होतं. वाऱ्याबरोबर ते फाडकन आपटलं आणि लकी बुजला. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. अगदी नाकासमोरचा आणि पाठीमागचा थोडा भाग सोडला तर त्याला जवळपास सगळीकडचं दिसतं. पाठीमागून काहीतरी झेपावलं तर आधी पळायचं आणि मग विचार करायचा, यावरच ही जात टिकली. त्यामुळे बुजण्यात त्याची काही चूक नव्हती.

पुढचं सगळं माझं. घाबरून मी पुढे वाकले आणि दोन्ही हातांनी लगाम घट्ट ओढून धरली. कुणीही हेच करेल. लगाम ओढली की घोडा थांबतो, हे आपण सिनेमात पाहिलेलं असतं.

पण शर्यतीच्या घोड्याला काय शिकवलेलं असतं? जॉकी पाठीवरून उठून पुढे वाकतो, लगाम आखडून हातात घट्ट धरतो, घोडा त्या ताणावर रेलतो आणि वेग घेतो. मी नेमकं तेच केलं. ‘थांब थांब’ असं माझं तोंड ओरडत होतं आणि माझं अख्खं शरीर ‘पळ’ म्हणत होतं. लकीनं शरीराचं ऐकलं. वळणावर तो वळला, मी सरळ गेले.

हाडं शाबूत राहिली. हेल्मेटला चीर गेली. एकदा असा मार बसलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नसतं, तर ते आता घरी खुंटीवर आहे. उस्तादांनी मला नाव विचारलं, वार विचारला, बोटं मोजायला लावली. पडल्यावर लगेच पुन्हा वर चढायचं, असं सगळे सांगतात. त्यांनी मला चढू दिलं नाही. घरी पाठवलं. मला आजही वाटतं, शहाणपणाचं तेच होतं.

(लांब दोरीवर घोडा. पुन्हा पहिल्या धड्यासारखं दृश्य.)

बत्तिसावा धडा. लांब दोरी, लगाम नाही, नुसती चाल. शेजारून बारा वर्षांची मुलं कँटर करत जात होती. एकीनं मला ‘ऑल द बेस्ट, काकू’ म्हटलं.

आता घोडं पेंड खात होतं ते माझ्या गुडघ्यांत. भीती वाटली की गुडघे आवळले जातात. गुडघे आवळले की टाच वर उठते आणि पोटऱ्या घोड्याच्या बरगड्यांना चिकटतात. घोड्याच्या भाषेत पोटरीचा दाब म्हणजे ‘चल पुढे’. तो पुढे चालला की मी आणखी घाबरणार. श्वासही मी कोंडून धरत होते. उस्तादांनी उपाय काढला, मोठ्यानं पाढे म्हणा. बोलणारा माणूस श्वास कोंडू शकत नाही. मी एकोणतीसचा घेतला. एकोणतीस, अठ्ठावन्न... सत्त्याऐंशीला अडखळले, तोवर दोन फेऱ्या झाल्या होत्या आणि टाच खाली होती.

मग लकी लंगडायला लागला. पावसाळ्यात खूर ओलसर राहतात, तळव्यातून घाण आत शिरते आणि पू धरतो. नालबंदानं नाल काढली, तळवा कोरून वाट करून दिली. नंतर रोज शेक आणि पट्टी. तीन आठवडे बसणं बंद.

(खरारा करणारे हात.)

फी भरलेली होती, म्हणून मी येत राहिले. घोड्यांची निगा राखणाऱ्या सईसमामांनी माझ्या हातात खरारा दिला. त्यांच्याकडून कळलं की लकीजवळ जाताना खांद्याच्या बाजूनं जायचं, मागून जावंच लागलं तर हात त्याच्या अंगावर फिरवत आणि बोलत जायचं. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, एकदम आवळला की तो पोट फुगवतो, म्हणून दोन टप्प्यांत आवळायचा. कान मागे चिकटले तर तो चिडलाय, एक कान मागे वळला तर तो ऐकतोय. पहिल्या एकतीस धड्यांत त्याचा एक कान सतत माझ्याकडे वळलेला होता आणि मी त्याच्या पाठीवर बसून मोबाइलवर व्हिडिओ नीट येतोय का, याची काळजी करत होते.

(जुनी छायाचित्रं.)

त्याच दिवसांत मी लिस हार्टेलबद्दल वाचलं. डेन्मार्कची ही स्वार १९४४ मध्ये पोलिओनं आजारी पडली आणि गुडघ्याखाली तिचे पाय कायमचे लुळे पडले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये महिलांना पहिल्यांदाच घोडेस्वारीतल्या ड्रेसाजमध्ये, म्हणजे इशाऱ्यांवर घोड्याकडून ठरावीक चाली करून घेण्याच्या प्रकारात, पुरुषांच्या बरोबरीनं उतरता आलं. तिला घोड्यावर चढायला आणि उतरायला मदत लागायची. ड्रेसाजमध्ये तिनं रौप्य मिळवलं आणि १९५६ मध्ये पुन्हा रौप्य. पोटरीचा इशारा तिच्याकडे नव्हताच. जे होतं ते कंबरेत आणि पाठीत. आपल्याकडे जुनी माणसं ‘मांड पक्की आहे’ म्हणायची, ती हीच.

‘जमलं’ आणि ‘बिघडलं’ लागोपाठ येण्याचं उदाहरण म्हणजे आपला हृदय छेडा. मुंबईचा मुलगा. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २६ सप्टेंबर २०२३ ला ड्रेसाजमध्ये भारतीय संघानं सुवर्ण जिंकलं, घोडेस्वारीतलं ४१ वर्षांनंतरचं पहिलं. त्या संघात तो होता. वैयक्तिक पात्रता फेरीत तर तो पहिला आला. अंतिम फेरीत बाद ठरला.

(मैदान. सकाळचं ऊन.)

लकी बरा झाला. सत्तेचाळिसाव्या धड्याला लगाम परत हातात आली, पण आता उस्ताद उलटंच शिकवत होते. वेग वाढला की आधी सोड. श्वास सोड, पाठ जड कर, मग एका लगामेनं घोड्याला गोलावर घे आणि गोल लहान करत जा. लगाम क्षणभर धरायची आणि लगेच ढिली करायची. रेलायला काही उरलंच नाही, तर घोडा कशावर रेलणार? पहिल्यांदा हे जमलं तेव्हा लकी दोन पावलांत चालीवर आला आणि मोठ्यानं फुरफुरला. मीही.

पन्नास ते साठ या धड्यांत ‘बिघडलं’चा रकाना तुडुंब आहे. उजवा खांदा पडतो. डाव्या गोलावर लकी चुकीच्या पायानं कँटर सुरू करतो, कारण माझं वजन उजवीकडे असतं. या चुका तेविसाव्या धड्यालाही असणारच. तेव्हा मला दिसत नव्हत्या, म्हणून तो रकाना कोरा होता.

ताडपत्री अजून तिथेच आहे. बांधली आहे, पण तिच्याजवळून जाताना माझे गुडघे आवळतात, लकीचा कान वळतो.

(खोगीर. एक हात रिकिबी काढून घेतो.)

आज उस्तादांनी पाय ठेवायच्या रिकिबी काढून घेतल्या. म्हणाले, आजपासून पंधरा दिवस अशीच दुडकी. मी खाली लोंबणाऱ्या पायांकडे बघतेय. मांड्यांना काय होणार ते कळून चुकलंय, आणि आमच्या ऑफिसची लिफ्ट सोमवारपासून बंद आहे.