पंचमाला क्षणभर 'सा' करणारी कॉर्ड

नमस्कार मंडळी. आज थेट कीबोर्डवर बसू. पट्टी पांढरी एक, म्हणजे सी मेजर. ऐका.

(वाजवून: सी, ए मायनर, डी सेव्हन, जी, सी)

कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले स्वर. तिसऱ्या कॉर्डला काहीतरी उजळल्यासारखं वाटलं ना? डी सेव्हनमध्ये काळी तीन वाजली, आणि सी मेजरमध्ये तो स्वर नाहीच. इथे ठाण्यात माझ्याकडे भजनी मंडळात पेटी वाजवणारे बरेच जण शिकायला येतात. या जागी ते हमखास विचारतात, "सर, स्केल बदलली का?"

स्केल तीच आहे. काळी तीन म्हणजे आपला तीव्र मध्यम. यमन गाताना तीव्र मध्यमावरून पंचमावर येता, ती ओढ आठवा. नी वरून सा वर जातानाही अंतर तेवढंच, अर्ध्या स्वराचं. म्हणजे जी मेजर कॉर्ड लागते तेव्हा पंचम क्षणभर सा होतो आणि तीव्र मध्यम त्याचा नी. याला टॉनिसायझेशन म्हणतात. ते घडवणारी डी सेव्हन ही सेकंडरी डॉमिनंट, म्हणजे मूळ सा सोडून दुसऱ्या स्वराकडे ओढणारी पाचवी कॉर्ड. सी पासून पाचवा स्वर जी आणि जी पासून पाचवा डी, म्हणून तिला फाइव्ह ऑफ फाइव्ह म्हणायचं.

आता मला सर्वात आवडणारा भाग. जी सेव्हनमधून सी वर येताना दोन स्वर सरकतात: नी वर सा कडे, म खाली ग कडे. हळू वाजवतो.

(वाजवून: जी सेव्हन, सी)

डी सेव्हनमध्ये हेच काम कोण करतं? तीव्र म वर प कडे जातो, आणि खाली उतरतो तो चक्क सा, नी कडे! जो सा आपण अढळ मानतो, तोच इथे अस्थिर होतो. नुसती बोटं पाठ करू नका. डी सेव्हन धरून ठेवा, सा गुणगुणा आणि जी लागताच गळ्याने नी वर उतरा. सेकंडरी डॉमिनंट कळते ती इथे, कॉर्डना दिलेले रोमन आकडे नंतर शिकता येतात.

बाकीच्या कॉर्डनाही हीच युक्ती लागू. ए सेव्हन कोमल रे आणते आणि डी मायनरला जाते. बी सेव्हन कोमल ग घेऊन ई मायनरला, ई सेव्हन कोमल ध घेऊन ए मायनरला. सी सेव्हनमध्ये परका स्वर कोमल नी, पण तो वर न जाता खाली ध वर उतरतो आणि एफ लागते. राहिली बी डिमिनिश्ड. बी ला सा मानलं तर तिच्यात शुद्ध पंचमच नाही, मग तिथे सा बसणार कसा? तिला सोडून द्या.

बेथोव्हनची पहिली सिम्फनी सी मेजरमधली, 1800 साली व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली. तिची सुरुवातच सी सेव्हनने होते, लगेच एफ. म्हणजे मूळ सा कानात बसायच्या आत दुसऱ्याच स्वराला सा केलं!

आता वाजवणाऱ्यांसाठी. त्याच मात्रेवर गायकाचा शुद्ध मध्यम असेल तर डी सेव्हन लावू नका, काळी तीन त्याच्याशी भांडेल. साधी डी मायनर घ्या. आणि मागे तानपुरा चालू असेल तर जपून. जी वर आल्यावरही तानपुऱ्याचा सा घुमतच राहतो, कॉर्डमधल्या नी ला घासतो आणि पंचमाला सा होऊच देत नाही. अशा ठिकाणी मी तरी ही कॉर्ड टाळतो.

गडकरी रंगायतनला सुगम संगीताचा कार्यक्रम ऐकायला जाल तेव्हा बेसकडे कान द्या. मध्यम, तीव्र मध्यम, पंचम असा तो चढला, की मधल्या स्वरावर बहुतेक वेळा हीच डी सेव्हन असते, अर्थात त्या गाण्याच्या पट्टीतली. तुमच्या गाण्यात ती कुठे सापडली, पट्टीसकट कॉमेंटमध्ये लिहा.