पाणी गेल्यावर कातळावर कोण राहतं

सकाळचे साडेसहा. मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडचे दिवे अजून चालू आहेत, वर जॉगिंगवाले सुरू झालेत, आणि आपण पंधरा-सोळा जणं ओहोटीत उघडे पडणारे समुद्रातले जीव बघायला कठड्याखाली कातळावर उतरतोय, पायात जुने ग्रिपवाले बूट, हातात टॉर्च. चपला घालून आलेल्या एका दादांना गाईडने वरच थांबवलं, कारण हे शेवाळ ओलं असलं की साबण होतं आणि कालवांच्या शिंपल्यांची धार ब्लेडसारखी कापते.

आजच का आणि एवढ्या पहाटे का, हे खारदांड्याच्या कोळीवाड्यात कुणा जुन्या माणसाला विचारा, मोबाईल न बघता सांगतील. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. आज वद्य द्वितीया, दोन पाऊण दीड, म्हणजे रात्री दीडला भरती, त्यात सहा तास मिळवा, साडेसातला पुरती ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा भरती जेवढी वर चढते तेवढीच ओहोटी लांब आत जाते, आणि एरवी जो कातळ पाण्याखालीच असतो तो तास-दीड तास उघडा पडतो. आपल्याकडे तेवढाच वेळ आहे.

आता खाली बघा. जिथे पाय ठेवताय तिथेच बघा.

हे पांढरे खरखरीत ठिपके आपण लहानपणापासून बघतोय आणि दगडच समजतोय. हे बार्नॅकल. खेकड्या-कोळंबीच्या नात्यातला प्राणी, लहान असताना पोहत येतो, जागा पसंत पडली की डोक्याकडून स्वतःला कातळाला चिकटवून घेतो आणि पुढे आयुष्यभर तिथेच. पाणी गेलं की वरचं दार बंद. आतमध्ये भरतीचं थोडंसं पाणी धरून ठेवलेलं असतं, त्यावर पुढचे तास काढायचे.

मला या वॉकमध्ये सगळ्यात जास्त हेच आवडतं, की इथे प्रत्येकाने पाणी नसतानाची सोय आपापली करून ठेवलीय. शंखातली गोगलगाय आत जाऊन झाकण लावते. हा छोट्या टोपीसारखा लिंपेट कातळाला असा घट्ट बसतो की बोटाने हलत नाही (आणि हलवायचा नाहीच, कडा तुटली तर पाणी गळून जातं). यांच्या बऱ्याच जाती पाणी असताना शेवाळ खात फिरतात आणि परत आपल्याच जागी येऊन बसतात, टोपीची कडा त्या जागेच्या उंचसखलपणाला बरोब्बर बसेल अशी घासलेली असते.

थोडं पुढे, कातळावर हिरवट-तपकिरी गुबगुबीत गालिचा दिसतोय ना, तो शेवाळ नाहीये. झोअँथिड. प्रवाळाचे नातेवाईक, शेकडो जण एकमेकांना चिकटून राहणारे. आत्ता सगळ्यांनी तोंडं मिटलीत म्हणून बटणं शिवल्यासारखं दिसतंय. हात लावू नका, यातल्या काहींमध्ये जबरदस्त विष असतं, आणि पायही देऊ नका, वळसा घालून या.

मुंबईच्या समुद्रात काय असणार, घाण आणि प्लास्टिक, असं म्हणणारे घरोघरी आहेत, मीही त्यातलाच होतो. 2017 साली मरीन लाईफ ऑफ मुंबई नावाचा उपक्रम सुरू झाला, मुंबईच्याच काही लोकांनी किनाऱ्यावर असे वॉक न्यायला सुरुवात केली, दिसेल त्याचे फोटो आणि नोंदी ठेवल्या, तेव्हा कुठे आपल्यासारख्यांना कळायला लागलं की इथे समुद्रगोगलगायी आहेत, ऑक्टोपस आहेत, खरीखुरी प्रवाळं आहेत. वाघाला आहे तसंच वन्यजीव संरक्षण कायद्यात या प्रवाळांना पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. कोस्टल रोडचं काम आलं तेव्हा वरळी आणि हाजी अलीची प्रवाळं 2020 मध्ये उचलून दुसरीकडे बसवावी लागली. कातळाला चिकटून जगणाऱ्याला स्वतःहून उठून जाता येत नाही, ही गोष्ट इथे उभं राहिल्यावर जास्त लागते.

हा डबक्यातला चालता शंख बघा, आत खेकडा आहे. याचं पोट मऊ असतं म्हणून दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात घर करतो आणि अंग वाढलं की मोठा शंख शोधतो. म्हणून तो खिशात टाकलेला शंख ताई तुम्ही परत ठेवा प्लीज, कुणाला तरी लागणार आहे.

आणि इथे, या फटीत. टॉर्च जरा तिरका धरा. जेलीचा गोळा वाटतोय, दोन रुपयांच्या नाण्याएवढा. हे समुद्रफूल, सी ॲनिमोन. ऊन लागू नये, ओल टिकावी म्हणून याने अंगभर शंखांचा चुरा चिकटवून घेतलाय. नीट बघितलं तर चुऱ्यात एक निळा तुकडा आहे, बाटलीच्या झाकणाचा असावा. त्याला जे सापडलं ते त्याने घेतलं. मी बराच वेळ तो निळा तुकडाच बघत बसलो.

पावणेआठ. पलीकडे कालवं काढायला बसलेल्या मावशींनी टोपली उचलली, त्यांना घड्याळ लागत नाही, पायाला पाणी लागलं की निघायचं. गाईड आपल्यालाही हाक मारतोय. आपण तिघं त्या फटीपाशी अजून दोन मिनिटं थांबतो.

पहिली लाट जेमतेम कडेपर्यंत आली. दुसरीने फट ओली केली. तिसरी आत शिरली आणि मागे जाताना थोडं पाणी ठेवून गेली. गोळा हलला. मधोमध एक बारीक भोक पडलं, त्यातून एक टोक आलं, मग दुसरं, मग एकदम गोल सगळीकडून, दोऱ्यासारखे पारदर्शक हात पाण्यात पसरले. निळा तुकडा त्यांच्या खाली गेला, दिसेनासा झाला.