आंधळ्या उंदरांची सपाट रेघ

नमस्कार श्रोतेहो. घरात कुणाला रेटिनायटिस पिगमेंटोझा, म्हणजे डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी हळूहळू मरत जाण्याचा आनुवंशिक आजार असेल, तर ईआरजी हा शब्द तुमच्या कानावरून गेला असेल. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर उजेड पडला की तिथे अगदी क्षीण वीज निर्माण होते. हृदयाचा ईसीजी काढतात तशी तिची रेघ काढता येते, तीच ईआरजी, म्हणजे इलेक्ट्रोरेटिनोग्राम. स्वीडनच्या फ्रिथिओफ होल्मग्रेन यांनी १८६५ मध्ये बेडकाच्या डोळ्यात ती पहिल्यांदा टिपली.

झोत पडताच रेघ आधी खाली जाते, मग उसळून वर चढते. खाली जाते ती ए-लाट, वर चढते ती बी-लाट. ए-लाट प्रकाश टिपणाऱ्या दंड आणि शंकू पेशींची. या पेशींतला प्रवाह अंधारात सतत चालू असतो आणि उजेड पडला की तुटतो, हे ऐकून आजही नवल वाटतं. बी-लाट मुख्यतः त्यांचा निरोप पुढे नेणाऱ्या बायपोलर पेशींची. म्हणून ए-लाट शाबूत आणि बी-लाट गायब असेल, तर प्रकाश टिपला जातोय पण पुढे पोचत नाही. दोन्ही खचल्या, तर बहुधा टिपणाऱ्या पेशीच मरू लागल्या आहेत.

उंदरावर ही तपासणी करायची तर त्याला रात्रभर काळोखात ठेवतात. पुढचं सगळं काम मंद तांबड्या दिव्यात, कारण तांबडा रंग त्याला जवळजवळ दिसतच नाही. भूल द्यायची, बाहुली मोठी करणारे थेंब घालायचे, बुबुळावर सोन्याच्या तारेचं इवलंसं कडं टेकवायचं. अंगाखाली ऊबदार गादी हवीच. अंग गार पडलं तर निरोगी उंदराची रेघही खुजी होते आणि नसलेला आजार दिसू लागतो.

क्लाइड कीलर यांना १९२० च्या दशकात हार्वर्डमध्ये दंडपेशी नसलेले उंदीर सापडले. या डोळ्यांकडून उजेडाला विद्युत प्रतिसाद मिळत नाही, हे त्यांनी सहकाऱ्यांसह १९२८ मध्ये दाखवलं. आज हे उंदीर आरडी-वन म्हणून ओळखले जातात. पीडीई-सिक्स-बी या जनुकातल्या दोषामुळे जन्मानंतर साधारण तीन आठवड्यांतच त्यांच्या बहुतेक दंडपेशी मरतात. हेच जनुक बिघडलेली माणसंही आहेत.

पण कीलर यांनी १९२७ मध्येच आणखी एक गोष्ट नोंदवली होती: या आंधळ्या उंदरांची बाहुली उजेडात अजून आकसते! त्याचं कारण कळायला पाऊण शतक गेलं. पडद्याच्या आतल्या थरातल्या काही गँग्लियन पेशींत, म्हणजे मेंदूकडे निरोप धाडणाऱ्या पेशींत, मेलॅनोप्सिन हे प्रकाश टिपणारं द्रव्य असतं, त्यामुळे त्या स्वतःच प्रकाश ओळखतात. सपाट रेघ म्हणजे सगळंच संपलं असं नाही, हे ती रेघ हातात पडलेल्या रुग्णाला कुणीतरी सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं. ईआरजी ही सबंध पडद्याची बेरीज आहे. मधोमध शंकू पेशींचं लहानसं बेट शिल्लक असेल तर रेघ सपाट येते, आणि तरी माणूस वर्तमानपत्र वाचत असतो.

मग ब्रियार्ड जातीचे कुत्रे. आरपीई-६५ या जनुकातल्या दोषामुळे त्यांना जन्मापासून फारच कमी दिसतं, पण पेशी बराच काळ जिवंत राहतात. २००१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी निरुपद्रवी विषाणूच्या मार्फत चांगलं जनुक अशा तीन कुत्र्यांच्या पडद्याखाली सोडलं. जिथे रेघ जवळपास मेलेली होती, तिथे लाटा उमटल्या. निरोगी कुत्र्यापेक्षा लहान, पण खऱ्या. त्याच कामातून माणसांसाठीचं औषध आलं आणि डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते फक्त याच जनुकाच्या दोषावर चालतं, आणि तेही पेशी शिल्लक असतील तरच.

म्हणून वेळ महत्त्वाची. मूल तिन्हीसांजेला चाचपडू लागलं, तर नुसती गाजरं खायला घालून थांबू नका. रातांधळेपणा अ जीवनसत्त्वाच्या अभावानेही येतो, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या. ईआरजीत इजा नाही: थेंब घालून वीस मिनिटं अंधारात बसवतात, मग झोत दाखवतात. नात्यातलं लग्न असेल, मामाची मुलगी केलेली असेल, तर तेही आधीच सांगा. आणि भावंडांनाही सोबत न्या. त्यांना अजून नीट दिसत असलं तरी.