मामांचा हिरा आणि आजीची चिंच

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय खनिजं. घाबरू नका, प्रयोगशाळेत जायचं नाही. तुमच्या उपासाच्या डब्यात सैंधवाचा खडा असेल ना, तेच खनिज. खाणीतून निघालेलं सोडियम क्लोराइड.

खनिज म्हणजे निसर्गात आपोआप तयार झालेला घन पदार्थ. त्याची रासायनिक घडण ठरलेली असते आणि अणू शिस्तीत रचलेले असतात. पुन्हा सांगतो, घडण ठरलेली आणि रचना शिस्तीची. मग दगड म्हणजे काय? दगड म्हणजे चिवडा. पोहे, शेंगदाणे, डाळं ही खनिजं, आणि सगळं मिळून झाला तो खडक. आपल्या सातारा जिल्ह्याचा काळा कातळ, बेसाल्ट, असाच चिवडा आहे. पाटा-वरवंटा त्याचाच. आता पाट्याला टाकी लावणाऱ्या बायाच गल्लीत येत नाहीत, आणि मिक्सरमधल्या चटणीला लोक चटणी म्हणतात. असो.

हा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत खनिजं विरघळलेलं पाणी झिरपलं आणि आतून स्फटिक वाढले. गार म्हणजे आपली गारगोटी, शिवाय कॅल्साइट आणि झिओलाइट. आता माझ्या मामांची गोष्ट ऐका.

माण तालुक्यात मामांची विहीर चालली होती. चाळीस फुटांवर सुरुंग उडाला आणि यारीच्या बादलीतून मातीऐवजी चमचमता माल वर आला. त्यात एक मुठीएवढा खडा, काचेसारखा आरपार. मामांनी तो पटक्यात गुंडाळला आणि घरी आणला. पंचांगावर ठेवून पाहिला तर खालची अक्षरं दोन-दोन दिसायला लागली! मामा म्हणाले, "हिराच. एकाचे दोन करतोय!" त्या रात्री खडा उशाखाली घेऊन झोपले. उजाडताच दहिवडीच्या सराफाकडे जायचं ठरलं.

आजी पहाटे उठली. सराफाकडे न्यायची वस्तू अशी मातकट कशी न्यायची? मामा झोपेत, तिनं हळूच उशाखालून खडा काढला आणि समईसोबत चिंचेच्या कोळात बुडवला. थोड्या वेळानं परातीतून बारीक बुडबुडे येताना दिसले. तिला वाटलं, मळ निघतोय. दोन तासांनी बाहेर काढला तेव्हा समई लखलखीत, आणि खडा? दुधी, खरखरीत. आरपार काही दिसेना.

मामांनी डोक्याला हात लावला. तरी सराफाकडे गेलेच. त्यानं खड्यावर नुसतं चाकूचं टोक ओढलं. रेघ उमटली.

आता यातलं शास्त्र. तो कॅल्साइट होता, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, चुनखडीचीच जात. आम्ल लागलं की तो विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. चिंचेत टार्टारिक आम्ल असतं. अक्षरं दोन दिसतात कारण कॅल्साइटमध्ये प्रकाशाच्या वाटा दोन होतात. आणि रेघ? फ्रीडरिश मोहस यांनी १८१२ साली काठिण्याची मापपट्टी मांडली: शंखजिरं १, कॅल्साइट ३, गार ७, हिरा १०. नख अडीचच्या आसपास, चाकू साडेपाच. लक्षात ठेवा, जास्त कठीण खनिज कमी कठीण खनिजावर रेघ ओढतं. कॅल्साइटवर चाकू चालतो, गारेवर घसरतो. पाचशे रुपयांची 'भाग्याची' अंगठी घेण्याआधी एवढं तरी करा, पण विकणारा करू देत नाही, हेच तर त्याचं भाग्य.

उपयोग थोडक्यात. कॅल्साइटच्याच चुनखडीपासून चुना आणि सिमेंट, गारेच्या वाळूपासून काच, आणि झिओलाइट जड पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं, म्हणून पाणी मऊ करायला वापरतात.

विहिरीला पाणी लागलं नाही. खडा अजून माझ्या टेबलावर आहे, कागद दाबायला. मामा मात्र शेवटपर्यंत सांगत राहिले, "हिराच होता. आईनं चिंचेत घालून त्याचा चुना केला."