कृषिदूत, कृषिकन्या गावात पोचतात तेव्हा

(कृषी पदवीच्या सातव्या सत्राच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मुलांनो, आता तुम्ही ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात राहायला जाणार, गावात तुम्हाला कृषिदूत, कृषिकन्या म्हणतील. 2015 पासून हा कार्यक्रम ‘स्टुडंट रेडी’ या कृषी पदवीतल्या प्रत्यक्ष अनुभवाच्या उपक्रमाचा भाग आहे, त्याला गुण आहेत, अहवाल आहे. ते सगळं पुस्तिकेत दिलेलंच आहे. गावात प्रत्यक्ष काय होतं, ते मी सांगतो.

पहिला आठवडा ओळखीपाळखीत जातो. सरपंच, ग्रामसेवक, कृषी सहायक, शाळेचे मुख्याध्यापक. रांगोळीनं गावाचा नकाशा काढाल तेव्हा निम्मं गाव भोवती जमेल, आणि म्हातारी माणसं तुमचा ओढा चुकला म्हणून सांगतील. त्यांना काडी हातात द्या, त्यांनाच काढू द्या.

मग प्रश्न सुरू होतात. पीकविम्याचे पैसे का नाही आले? डीएपी खत कधी मिळणार? लोकांना तुम्ही सरकारची माणसं वाटता. माहीत नसेल तर ठोकून देऊ नका. ‘काका, विचारून सांगते’ म्हणा आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगायला जा. गावाचा विश्वास तिथेच बसतो.

आता एक अडचण. आपण पोचतो तोवर खरिपाच्या पेरण्या बहुधा उरकलेल्या असतात. तरीही दरवर्षी यादीत आहे म्हणून सोयाबीनच्या बीजप्रक्रियेचं, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला औषध चोळण्याचं, प्रात्यक्षिक होतं, फोटो निघतो, बातमी छापून येते. ज्याचं सोयाबीन गुडघ्याला लागलंय, त्याला त्याचा काय उपयोग? मला हे मनापासून खटकतं. बीजप्रक्रिया हरभऱ्याच्या पेरणीच्या तोंडावर करा. आधी बुरशीनाशक, मग रायझोबियम हे जिवाणू खत, आणि बियाणं सावलीत सुकवा. मातीचा नमुनाही रब्बीसाठी मोकळ्या ठेवलेल्या रानातून घ्या. उभ्या पिकात नुकतंच खत टाकलेलं असतं, तिथला अहवाल फसवा येतो.

कपाशीच्या पट्ट्यात जाणाऱ्यांनी गुलाबी बोंडअळीचं काम जीव ओतून करावं, कारण ते तुमच्याच मुक्कामात येतं. पेरणीनंतर साधारण 45 दिवसांनी हेक्टरी 5 कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे सापळे, लावायचे, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच. सापळा लावला म्हणजे काम झालं असं समजू नका. रोज सकाळी पिशवी उघडून पतंग मोजायचे आणि वहीत लिहायचे. एका सापळ्यात रोज 8 पतंग सलग 3 दिवस दिसले, तर फवारणीचा विचार करायची वेळ आली. पाकळ्या मिटून गुलाबाच्या कळीसारखं दिसणारं फूल, म्हणजे डोमकळी, दिसली की तोडून आतल्या अळीसकट नष्ट करायची. बोंडं धरल्यावर शेतात फिरून 20 हिरवी बोंडं तोडा आणि शेतकऱ्यासमोरच फोडा. बोंड बाहेरून धडधाकट दिसतं. अळी आत शिरल्यावर छिद्र बुजून जातं. आत सरकी पोखरलेली आणि तिथेच अळी वळवळताना दिसते. 20 पैकी दोन बोंडांत अळी निघाली तरी नुकसानीची पातळी गाठली समजा. ज्याच्या शेतातलं बोंड त्याच्यासमोर फुटलं, त्याला पुढे भाषण द्यावं लागत नाही.

यजमान शेतकऱ्याकडून शिकायला लाजू नका. कुठल्या तुकड्यात पाणी साचतं, कुठला वाण त्याच्या रानाला मानवतो, हे त्याला ठाऊक असतं. ते लिहून घ्या, त्याच्या नावानिशी अहवालात येऊ द्या.

मुलींनो, राहायची खोली आधी जाऊन बघा. पाणी, संडास, दाराची कडी. पटली नाही तर मला लगेच कळवा, बदलून घेऊ. संकोच करू नका.

कृषी उद्योगातली जोडणी, म्हणजे एखाद्या उद्योगात राहून काम शिकणं, थोड्याच आठवड्यांची असते, तिथे हजेरी आणि सुरक्षेचे नियम पाळा, एवढं आज पुरे. आणि मातीचे अहवाल प्रयोगशाळेतून आले की सत्र संपायच्या आत घरोघरी पोचवा. कुठलं खत किती कमी करायचं, ते तिथेच बसून समजावून सांगा. अहवाल कॉलेजच्या कपाटात राहिला, तर त्या शेतकऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. आता गावांची यादी वाचतो, गटप्रमुखांनी पुढे यावं.